रविवारची झडती

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दुधाची पिशवी मी उजेडाकडे धरून बघते. टॅक्सीवाला सरळ रस्त्यानं निघाला तर हा इतका सरळ का चाललाय, असं माझ्या मनात येतं. दाराचं कुलूप तीनदा ओढून बघते आणि जिना अर्धा उतरल्यावर परत वर जाऊन चौथ्यांदा ओढते. आमच्या लालबागच्या चाळीतल्या काही बायका हे माझं लग्न न झाल्याचं कारण मानतात, तर काही जणी लग्न न झाल्याचा परिणाम. मला विचाराल तर दोन्ही खोटं. माझा संशय मिलच्या संपातून आला.

संप सुरू झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. वडील मिलच्या रिंग खात्यात, म्हणजे जिथे सूत कातलं जातं तिथे होते. पुढच्या सोमवारी भोंगा वाजणार, असं कुणी ना कुणी दर आठवड्याला चाळीत येऊन सांगायचं. सांगणारे आमचेच लोक असायचे आणि ते खरंच मानून सांगायचे. आई रविवारी रात्री वडिलांचा डबा घासून पालथा घालायची. असे किती सोमवार गेले ते मी मोजलं नाही. पण तेव्हापासून मला कुणी चांगली बातमी सांगितली की मी आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. त्या वर्षी मी टायपिंगची परीक्षा दिली, एका सरकारी कचेरीत चिकटले आणि घर माझ्यावर आलं.

पुढे कचेरीत कॉम्प्युटर आले. बाकीच्या टायपिस्ट घाबरल्या. मीही घाबरले, पण माझी रीत वेगळी. जे आपली नोकरी खाणार असं वाटतं त्याच्यावर नजर ठेवायची तर ते आधी शिकून घेतलं पाहिजे, म्हणून मी सगळ्यात आधी शिकले. संपाला वीस-एकवीस वर्षं उलटून गेल्यावर त्यातलेच चार कॉम्प्युटर जुने झाले म्हणून कचेरीनं बाद केले, आणि मी अर्ज करून ते मागून घेतले.

कशासाठी, तर पोरांना शिकवायला. माझ्या मनात दयेचा पाझर वगैरे फुटला नव्हता. हिंदमाताला साड्यांच्या दुकानांच्या रांगेत एक सायबर कॅफे होता. तिथल्या फूटपाथवर राहणारी पोरं त्याच्या काचेला नाक लावून आत बघायची आणि मालक आतून पट्टी दाखवायचा. एकदा त्यानं पट्टी दाखवली नाही, मारली. मी तिथून चालले होते. मी आत जाऊन त्याच्याशी कचाकचा भांडले आणि रागाच्या भरात बोलून गेले की, ह्यांना मीच शिकवीन. बोलून गेले म्हणून करावं लागलं.

जागा मिळाली ती आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाची खोली. वर्षातले दोन महिने सोडले तर ती बंदच असायची. कोपऱ्यात ताशे, गुंडाळलेले बॅनर, मागच्या वर्षीच्या देखाव्यातला थर्माकोलचा अर्धा हत्ती. मंडळाचे सेक्रेटरी माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच मिलवाल्याच्या घरातले. त्यांनी किल्ली हातात ठेवली, पण सोडली नाही.

"बाई, शिकवा. पण फूटपाथची पोरं आहेत ती. एक वस्तू इकडची तिकडे झाली ना, त्या दिवशी क्लास बंद."

"मी आहे ना बघायला," मी म्हणाले. त्यांना ते पटलं, कारण माझा लौकिक गल्लीला ठाऊक होता.

वडिलांना मी बरोबर न्यायची. आई गेल्यानंतर त्यांना घरी एकटं ठेवलं की ते उठून मिलच्या बंद गेटपर्यंत जायचे आणि तिथल्या पत्र्याच्या कुंपणाशी उभे राहायचे. आयुष्यभर मशिनींच्या खडखडाटात काम केल्यामुळे त्यांचे कान गेले होते. कानाशी ओरडलं तरच थोडं पोचायचं. खोलीच्या दारात एक घडीची खुर्ची टाकून मी त्यांना बसवायची. क्लास दर रविवारी दुपारी दोन ते चार. आम्ही दीडला जायचो. मी चहा सांगायला कोपऱ्यावर जायची तेव्हा वडील खांद्यावरचं फडकं काढून कॉम्प्युटर पुसायचे. रिंग खात्यात पाळी सुरू होण्याआधी आपलं मशीन पुसायची त्यांना सवय, ती गेली नव्हती.

पहिल्या रविवारी दोघंच आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मी बिस्किटाचा पुडा पुढे केला. कुणी हात लावला नाही. मग मागून एक मुलगी आली. अकरा-बारा वर्षांची, अंगात कुणातरी मोठ्या बाईचा कुडता, बाह्या दुमडून दंडापर्यंत घेतलेल्या. ती हिंदमाताला साडीला लावायच्या पिना विकायची, हे मला माहीत होतं.

"आधी तुम्ही खा," ती म्हणाली.

"का?"

"एकदा एका बाईनं दिलं होतं बिस्कुट. पोर झोपला तो उठला तेव्हा ठेसन दुसरंच होतं."

मी एक बिस्कीट खाल्लं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी गिळलं, पाणी प्यायले, तरी तिनं थोडा वेळ जाऊ दिला. मग बाकीच्यांकडे बघून मान हलवली. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडलीही. माझ्या स्वभावाचं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं.

तिनं दुसरी अट घातली, दार उघडं राहिलं पाहिजे. ते राहिलं. पुढच्या महिन्याभरात नऊ-दहा पोरं यायला लागली. सगळी दाराच्या बाजूलाच बसायची, लांबच्या कॉम्प्युटरवर जायला कुणी तयार नसायचं.

पहिला धडा मी नाव टाइप करायचा ठेवला होता. आपलं नाव पडद्यावर उमटलेलं बघितलं की माणूस हरखतो, असा माझा अनुभव. पोरंही हरखली. नावं टाइप झाली, मी वहीत उतरवून घेतली. पुढच्या रविवारी हजेरी घेतली तर एकही नाव कुणाचं नव्हतं. सगळ्यांनी नवी नावं टाइप केली. तिसऱ्या रविवारी आणखी नवी. त्या मुलीची तर दोन महिन्यांत सहा नावं झाली. मी वही दाखवून तिला विचारलं, ही काय थट्टा चालवलीयेस?

"नाव दिलं की गाडी येते," ती म्हणाली. "लिस्ट घेऊन येते. मग उचलून नेतात, होममध्ये टाकतात. तुमच्या वहीत कुठे काय जातं, आम्हाला काय ठावं?"

"मी कुणाला देणार आहे वही?"

"मग लिहिता कशाला?"

कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर लिहिल्याशिवाय माणूस खरं वाटत नाही, हे तिला काय सांगणार? मी वही बंद केली. पोरं मला टीचर म्हणायची, मी त्यांना ए लाल शर्ट, ए पिनावाली असं म्हणायची. तसंच चाललं.

पिनावालीचा हात चांगला होता. महापालिकेच्या शाळेत तिसरीपर्यंत गेलेली, वाचता यायचं. मराठी कीबोर्ड मी टाइपरायटरवर शिकले त्याला मला आठ महिने लागले होते. तिनं तीन महिन्यांत बोटं बसवली. तिची मावशी एकदा मला फूटपाथवर गाठून म्हणाली, "बाई, पोरगी मोठी व्हायला लागली. इथे आता रात्री मला डोळा लावता येत नाही. हिला कुठे आत टाका." आई-बाप दोन्ही नव्हते. मावशी सांगत होती आणि मुलगी पाठ करून पिनांची पाकिटं लावत होती, पण ऐकत होती.

मी कचेरीतल्या ओळखीनं एक वसतिगृह शोधलं. मुंबईबाहेर, मुलींचं, शाळेला जोडलेलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, एक जागा आहे, महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत ठेवते. मुलीला ओळखणाऱ्या माणसाचं पत्र हवं. त्यात मुलीचं खरं नाव आणि वर्तणूक कशी आहे ते लिहिलेलं हवं. पत्र मीच देणार हे उघड होतं. मुलीला मी सांगितलं. तिनं माझ्याकडे बिस्किटाच्या दिवशी बघितलं होतं तसंच बघितलं.

"तुम्हाला त्यात काय मिळतं?"

"काही नाही."

"मग करता कशाला?"

"तुझी मावशी म्हणाली म्हणून."

"नाव खरं पाहिजे?"

"खरं पाहिजे."

त्या दिवसापासून ती रविवारी सगळ्यात आधी यायची आणि सगळ्यात शेवटी जायची. एवढं पुरेसं होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्याच सुमाराला माऊसमधले गोळे जायला लागले होते.

त्या काळच्या माऊसच्या पोटात एक गोळा असायचा. मोठ्या गोटीएवढा, आत लोखंड, वरून रबर. माऊस सरकवला की गोळा फिरायचा, गोळ्याबरोबर आतले दोन बारीक रूळ फिरायचे आणि पडद्यावरचा बाण हलायचा. एका रविवारी एक बाण हलेना. मी माऊस उलटा करून झाकण काढलं. पोट रिकामं. पुढच्या रविवारी दुसरा. झाकण मात्र दोन्ही वेळा नीट लावलेलं होतं. चोरी करून झाकण परत लावून ठेवणारा चोर म्हणजे सराईतच, असं मी मनाशी म्हटलं. आतले दोन रूळ लखलखीत पुसलेले होते. मला तेही संशयास्पदच वाटलं.

सेक्रेटरींना सांगायची सोय नव्हती, क्लास बंद झाला असता. मी स्वतःच तपास सुरू केला. कचेरीतून येताना हिंदमाताच्या फूटपाथवर पोरं गोट्या खेळत असायची, तिथे मी चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्तानं वाकून बघायची. सगळ्या काचेच्याच. तिसऱ्या दिवशी एका पोरानं वर बघून विचारलं, "टीचर, खेळणार काय?" मी चपलेला दोष दिला आणि निघाले.

कोण असेल याचा मी रात्रंदिवस विचार केला. सगळ्यात आधी येणारी कोण? सगळ्यात शेवटी जाणारी कोण? अंगात खिसेवाला भलामोठा कुडता कुणाचा? सहा नावं कुणाची? एकेक धागा जोडला की सगळं तिच्यापाशीच जात होतं. वसतिगृहाचं पत्र मी कचेरीत अर्धं टाइप करून ठेवलं होतं. 'सदर मुलीची वर्तणूक' इथपर्यंत आले आणि थांबले. खोटं पत्र द्यायचं नाही, हा माझा बाणा. तो शनिवार सहा दिवसांवर आला होता.

त्या रविवारी मी दीडला गेले, चहा सांगून आले, तर तिसरा माऊस मेलेला. उघडला. पोट रिकामं, रूळ लखलखीत. आणि पिनावाली माझ्याआधीच येऊन दारात बसलेली, उजवी मूठ गच्च मिटलेली. दोन तास मी शिकवलं ते काय शिकवलं ते मला आठवत नाही. मी तिच्या मुठीकडे बघत होते. ती डाव्या हातानं टाइप करत होती.

चार वाजता मी दारात आडवी उभी राहिले.

"एकेकानं यायचं. हात वर."

मला वाटलं होतं, पोरं चिडतील, रडतील, निदान का म्हणून विचारतील. एकानंही विचारलं नाही. रांग आपोआप लागली. पहिल्यानं हात वर केले, मी खिसे चाचपले, तो न सांगता वळला आणि पाठ दिली. दुसऱ्यानं चड्डीची नाडी स्वतःच सैल केली. सगळ्यात लहान पोरानं तोंड उघडून जीभ वर करून दाखवली. त्यांना हे सगळं येत होतं. माझ्या क्लासमध्ये शिकवायची गरज न पडलेली ही एकच गोष्ट. तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मला थांबता येत नाही.

ती शेवटची. तिनं एकच हात वर केला.

"मूठ उघड."

"सगळी गेल्यावर उघडते."

"आत्ता."

"टीचर, सगळी गेल्यावर."

मी तिचं मनगट धरलं आणि एकेक बोट उलगडलं. बारा वर्षांच्या मुलीच्या बोटांत किती जोर असतो ते मला त्या दिवशी कळलं. मुठीत प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा होता, त्यात बारीक घडी केलेला कागद. मी तो उलगडला. इस्पितळाची जन्माची चिठ्ठी होती. आईचं नाव, तारीख, आणि नंतर कुणीतरी वेगळ्या शाईनं लिहिलेलं मुलीचं नाव. आणि कचेरीतली सवय म्हणा, कागद हातात आला की मी वाचते, तर मी ते मोठ्यानं वाचलं. सगळी पोरं दारातच उभी होती.

एकानं ते नाव पुन्हा म्हटलं. मग दुसऱ्यानं. कुणीतरी हसलं.

तिनं माझ्या हातातून चिठ्ठी घेतली, होती तशीच घडी घातली, प्लास्टिकमध्ये ठेवली आणि निघून गेली. ते नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा मोठ्यानं वाचून झालंय तेवढं पुरे.

वडील खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. रात्री घरी ताट वाढलं तर ते हात न लावता बसून राहिले.

"झडती कशाक घेतंस गो पोरांची?"

मला एकदम मिलचं गेट आठवलं. लहानपणी आई कधी घाईत डबा द्यायला विसरली की मी पळत नेऊन द्यायची. एकदा इतका उशीर झाला की पोचले तेव्हा पाळी सुटत होती. मिलमधून बाहेर पडताना प्रत्येकाची झडती व्हायची, कुणी सूत, कापूस, सुटा भाग नेतो का बघायला. वडील रांगेत उभे होते, दोन्ही हात वर, आणि त्यांच्याहून अर्ध्या वयाचा पहारेकरी त्यांच्या काखेत हात घालत होता. हात खाली घे म्हणेपर्यंत खाली घ्यायचे नसत. त्यांनी मला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. त्यांची नोकरी होती तोवर रोज. हे मला माहीत होतं. माहीत असून मी दारात उभी राहिले होते.

पण मी कबूल थोडीच करणार? मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "माऊसचे गोळे चोरतात! तीन गेले!" मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू गेलं असेल.

वडिलांना पोचायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"ते होय? ते तुझ्या पेटीत घातलंय मी. रबर झिजला हा त्यांचा. आत रुळाक धागे गुंडाळलेले, ते मी काढलंय. पण गोळे बदलूक होये. स्टोरातसून नवे इले नाय अजून?"

कॉटखाली माझ्या जुन्या टाइपरायटरची पेटी होती. मी ती वर्षानुवर्षं उघडली नव्हती. उघडली तर फडक्यात गुंडाळलेले तीन गोळे, साबणानं धुतलेले.

त्यांच्या खात्यात रीत होती. सुटा भाग झिजला की काढायचा आणि मुकादमाच्या पेटीत टाकायचा. त्यावर बोलायचं नाही, सांगायचं नाही. त्या खडखडाटात सांगून ऐकू तरी कुणाला जाणार? पेटीत जुना भाग दिसला की मुकादम स्टोअरमधून नवा आणायचा. मंडळाच्या खोलीत मुकादम मी होते. दर रविवारी मी चहा सांगायला गेले की ते एक माऊस उघडून साफ करत होते, गोळा खिशात घालून माझ्या पेटीत टाकत होते आणि मी अजून नवे कसे आणत नाही याचं नवल करत होते. मी बाकी मुकादम चांगली होते, एवढं मात्र त्यांना पटलं असावं, कारण झडतीही सुरू केली होती.

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. वडिलांचा नव्हे. माझा.

सोमवारी कचेरीत मी सगळ्यात आधी पत्र पूर्ण केलं. नावाची जागा कोरी ठेवली. ते नाव टाइप करायचा हक्क मला राहिला नव्हता. गोळे रुमालात बांधून पर्समध्ये टाकले, तिला दाखवायला. पाचला निघाले ती थेट हिंदमाता. साड्यांची दुकानं भरलेली होती, लग्नाच्या खरेदीला बायका टोळीनं आल्या होत्या. पिनावाली एका दुकानाच्या पायरीशी उभी होती. मला बघून तिनं पाकिटं पिशवीत टाकली. पळाली नाही. आजूबाजूची माझीच पोरं गोळा व्हायला लागली.

"मी चुकले," मी म्हणाले. रस्त्यात म्हणायला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. "तुझ्याशी बोलायचंय."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हात वर," ती म्हणाली.

मला वाटलं, ती थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती. मी हात वर केले. एका हातात पर्स होती, ती तिनं काढून घेतली आणि पायरीवर ठेवली. मग तिनं माझे खांदे चाचपले, कंबर चाचपली, पदराचं टोक उलगडून बघितलं. मी न सांगता वळले. साड्यांच्या पिशव्या घेतलेल्या बायका थांबल्या होत्या. दुकानाचा माणूस बाहेर येऊन उभा राहिला. कुणी एक बाई म्हणाली, "काय चाललंय हे?" आणि मी त्या बाईकडे बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. लाजेनं माझे कान गरम झाले होते. वडिलांचे रोज होत असतील.

तिनं पर्स उघडली. छत्री, डबा, पेन, पत्राचा लिफाफा एकेक करून पायरीवर मांडला. शेवटी रुमाल. गाठ सोडली आणि तीन गोळे तिच्या तळहातावर आले.

"टीचरकडे सापडले!" सगळ्यात लहान पोर ओरडलं.

मी हात वर ठेवूनच सांगितलं. वडील, फडकं, पेटी, स्टोअर, सगळं. माझं मलाच ते बनावट वाटत होतं. मग लिफाफ्यातून पत्र काढून ती वाचायला लागली, अक्षर अक्षर लावत, पण मोठ्यानं. मी तिचं नाव वाचलं होतं तेवढ्याच मोठ्यानं.

"सदर मुलीची... वर्तणूक... उत्तम आहे. तिच्या प्रामाणिकपणाची... मी स्वतः खात्री देते."

ती कोऱ्या जागेपाशी थांबली. माझं पेन उचलून, पायरीवर कागद टेकवून तिनं त्या जागेत आपलं नाव लिहिलं. सावकाश, एकही अक्षर न चुकता. मग पत्राची बारीक घडी घालून ती कुडत्याच्या खिशातल्या प्लास्टिकमध्ये, चिठ्ठीच्या शेजारी ठेवली. माझ्या वस्तू परत पर्समध्ये भरल्या. तीन गोळे तेवढे हातात ठेवले, त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"आणि टीचर," तिनं विचारलं, "तुमचं लेटर कोन लिहिनार?"

मी तशीच उभी होते. हात खाली घ्या, असं तिनं अजून म्हटलं नव्हतं.